ओडवारच्या छपरावरची शेळी

ओडवार हाउगस्टाद भित्रा नव्हता, असं त्याचं स्वतःचं मत होतं. तो फक्त माहीतगार होता. हेलवोग बंदरातल्या जहाजविम्याच्या कचेरीत बसून त्यानं एकतीस वर्षं अपघातांचे अहवाल लिहिले होते. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू कशी मोडते, कशी बुडते, कशी पेट घेते आणि शेवटी कुणाच्या अंगावर पडते, हे त्याला तपशीलवार ठाऊक होतं. इतरांना शिडी दिसली की शिडीच दिसते. ओडवारला मांडीच्या हाडाचे तीन तुकडे दिसायचे.

अशा माणसाची बायको पेन्शनरांना समुद्रात पोहायला शिकवायची. भर थंडीतसुद्धा. गुनवोर सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून निघाली की ओडवार खिडकीत उभा राहून पाण्यातली डोकी मोजायचा, आणि सगळी परत बाहेर आली की मग कॉफीचा पहिला घोट घ्यायचा.

प्रकरण सुरू झालं ते होडीघराच्या गळक्या छपरापासून. घराच्या खाली, अगदी पाण्याला लागून, ओडवारच्या वडिलांनी बांधलेलं लाकडी होडीघर होतं. मागची बाजू टेकडीच्या उतारात घुसलेली, पुढचं दार खाडीकडे उघडणारं. आत वडिलांची वल्ह्यांची होडी. ओडवार दर वसंतात तिला तेल लावायचा, विम्याचा हप्ता भरायचा आणि दार बंद करायचा. गेल्या वीस वर्षांत तिला पाणी असं लागलेलं नव्हतं. त्या वर्षी लागलं, पण ते वरून. कोरड्या जमिनीवर ठेवलेली होडी पाण्यानं भरावी, ही त्याच्या नोकरीतली पहिलीच घटना असेल. आणि ती त्याच्याच घरी घडावी याचं त्याला मनातून फार लागलं.

"पत्रा टाक आणि मोकळा हो," गुनवोर म्हणाली.

पण शेजारच्या हेर्दिसनं कुंपणापलीकडून हे ऐकलं. हेर्दिस लिलेबो ही एक्क्याऐंशी वर्षांची बाई. तिचा नवरा बंदरात जहाजांना वाट दाखवणारा पायलट होता. तो जाऊन बारा वर्षं झाली, पण त्याची दुर्बीण हेर्दिसच्या गळ्यात कायम असे आणि बंदरातलं एकही जहाज तिच्या परवानगीशिवाय वळत नसे, निदान तिला तसं वाटे.

"पत्रा?" ती ओरडली. "अरे ओडवार, पत्रा वाऱ्यानं उडतो आणि थेट माणसाच्या मानेवर येतो!"

झालं. हा मुद्दा आधीच लक्षात कसा आला नाही, याचीच ओडवारला भीती वाटली.

"मग काय घालू?"

"आपल्या आजोबांनी घातलं तेच घाल. बर्च झाडाच्या साली, त्यावर माती, त्यावर हिरवळ. नगरपालिका फुकट देतेय. वाचत नाहीस का काही?"

नगरपालिका खरंच देत होती. 'हिरवं हेलवोग' नावाची योजना निघाली होती. छपरावर गवत असलं की पावसाचं पाणी जिरतं, गटारांवरचा ताण कमी होतो, मधमाश्यांची सोय होते. अर्ज नऊ पानांचा होता. त्यात एक प्रश्न होता, 'छपराचा हेतू काय?' ओडवारनं त्यावर दोन दिवस विचार केला. चुकीचं उत्तर दिलं तर पुढेमागे अंगाशी येईल, म्हणून शेवटी त्यानं फक्त एवढंच लिहिलं, 'वर असणे.' अर्ज मंजूर झाला.

हिरवळ आली, बसली, रुजली, आणि मे महिन्यात छपरावर गुडघाभर गवत माजलं. आता ते कापायचं कोणी? गुनवोर विळा घेऊन निघाली तर ओडवारनं तिची वाट अडवली. स्वतः चढायचा तर प्रश्नच नव्हता.

"शेळी आण," हेर्दिस म्हणाली. "दोन आठवड्यांत हजामत करून देईल. माझा भाचा वर दरीत शेळ्या पाळतो."

"शेळी वरून पडली तर?"

"शेळी पडत नाही. तू तिच्याकडे बघता बघता पडशील."

दुसऱ्या दिवशी हेर्दिस भाच्याच्या गाडीतून शेळी घेऊन आली. पांढरी, आखूड शिंगांची, हनुवटीला दाढी. नाव डोक्का. नाव ऐकूनच ओडवारचं डोकं दुखायला लागलं. मागच्या उतारावरून एक फळी टाकली, ती फळीवरून टपटप चालत छपरावर गेली, चार घास खाल्ले आणि अगदी कडेला येऊन ओडवारकडे खाली बघत उभी राहिली. कचेरीत मोठ्या साहेबांनी चुकलेला अहवाल हातात धरून बघावं, तशी. त्याच दिवशी ओडवारनं होडीघराचा विमा वाढवून घेतला. त्यात शेळीचाही उल्लेख केला.

हे सगळं इथेच संपलं असतं, तर ओडवारला काही म्हणायचं नव्हतं. पण पुढच्या सोमवारी मोसमातलं पहिलं पर्यटकांचं जहाज बंदराला लागलं.

हेलवोगची वस्ती सहा हजार. त्या जहाजात माणसं चार हजार. दहा मजल्यांचं ते धूड धक्क्याला लागलं की हेलवोगला दुपारपर्यंत ऊन दिसत नसे. माणसं उतरायची, पाच तास चालायची, काहीतरी हिरवं शोधायची आणि परत जायची. त्या सोमवारी त्यातली एक बाई वाट चुकली, ओडवारच्या गल्लीत आली, आणि तिनं वर पाहिलं. वर गवताचं छप्पर, छपरावर शेळी, मागे निळी खाडी. बाईनं फोटो काढला.

त्या फोटोचं पुढे काय झालं ते ओडवारला कळलं ते गुरुवारी, आणि तेही लोकरीच्या आतल्या कपड्यांत असताना. तो उकडलेलं अंडं फोडत होता. गुनवोर पोहायला जाताना दार नुसतं लोटून गेली होती, कारण हेलवोगमध्ये दाराला कडी कोण लावतं? दार उघडलं आणि छत्री उंच धरलेली एक बाई आत आली. तिच्यामागे अकरा माणसं.

कुणीही शहाण्या माणसानं त्यांना बाहेर काढलं असतं. पण घाबरला की ओडवार फार आज्ञाधारक होई. "हे स्वयंपाकघर," तो शाळेतल्या इंग्रजीत म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. "हा फ्रिज." फोटो निघाले. त्यानं त्यांना बैठकीची खोली दाखवली, सासूची तसबीर दाखवली, जिना दाखवला आणि जिन्याची तिसरी पायरी जपून उतरा असंही बजावलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "किती जुनं?" ओडवारला वाटलं आपल्याबद्दल विचारतोय. "अठ्ठावन्न," तो म्हणाला. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जाताना त्याचं चीज खाऊन गेले.

संध्याकाळी गुनवोरनं इंटरनेटवर पाहून मोठ्यानं वाचून दाखवलं. "शेळी उत्तम. घर साधारण. माहिती देणारा माणूस घाबरट, पण मनापासून सांगतो. तीन तारे."

ती हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. ओडवारला मात्र ते तीन तारे जिव्हारी लागले. कचेरीत त्याच्या कामाबद्दल कुणी कधी तक्रार केली नव्हती.

मग नगरपालिकेचं पत्र आलं. एक नाही, दोन, एकाच टपालात, एकाच इमारतीतून. ओडवारनं ती पत्रं अख्खी दुपार टेबलावर नुसती ठेवली आणि त्यांच्याभोवती फेऱ्या मारल्या. पहिल्यात लिहिलं होतं, शहराच्या हद्दीत विनापरवाना पाळीव जनावर ठेवलेलं आहे, ते चौदा दिवसांत हलवावं, अन्यथा कारवाई होईल. दुसऱ्यात लिहिलं होतं, हेलवोगच्या हरित ओळखीत भर घातल्याबद्दल अभिनंदन. शेळी कृपया हलवू नये.

पहिलं पत्र तिसऱ्या मजल्यावरचं होतं, दुसरं चौथ्या. ओडवार तिसऱ्या मजल्यावर गेला. तिथल्या गृहस्थानं त्याला चौथ्यावर पाठवलं. चौथ्यावर बेंते नावाची शाश्वत पर्यटन सल्लागार बसत असे. तरुण, हसतमुख, मूर्तिमंत उत्साह.

"या, या, ओडवार! तुम्हीच ते शेळीवाले! तुम्हाला कल्पना नाही तुम्ही शहरासाठी काय केलंय!"

हे वाक्य ऐकून ओडवार खुर्चीच्या अगदी कडेला बसला. कारण त्याला खरंच कल्पना नव्हती.

बेंतेनं त्याला पडद्यावर चित्रं दाखवली. एक बाण वर जाणारा, तो पर्यटकांचा. दुसरा बाण वर जाणारा, तो शहराच्या उत्पन्नाचा. तिसरा हिरव्या रंगाचा, तोही वरच. "वाढ आणि निसर्ग, दोन्ही हातात हात घालून!" ती म्हणाली. ऑगस्टमध्ये बाहेरून समिती येणार होती, हेलवोगला 'हरित पर्यटन नगरी' असा दाखला मिळणार होता, आणि तो मिळाला की जहाजांसाठी दुसरा धक्का बांधता येणार होता. सगळी पत्रकं छापून तयार होती. मुखपृष्ठावर डोक्का.

"पण तिसरा मजला म्हणतो, जनावर ठेवता येणार नाही."

"मग जनावर म्हणून ठेवूच नका," बेंते म्हणाली. "छपराच्या देखभालीचं साधन म्हणून नोंदवू." आणि तिनं अर्ज भरायला घेतला. साधनाचा प्रकार, शेळी. इंधन, गवत. आवाज, मध्यम. धूर, नाही. "इथे सही करा."

खोट्या नोंदीवर सही केलेल्या माणसांचं काय होतं, हे ओडवारनं अनेक अहवालांत स्वतः लिहिलं होतं. पण बेंते हसत होती, पेन पुढे केलेलं होतं, आणि नाही म्हणायला जे लागतं ते त्याच्यापाशी कधीच नव्हतं. त्यानं सही केली. त्यानंतर कित्येक दिवस दारावर टकटक झाली की त्याला वाटे, पकडायला आले.

पण येत ते पर्यटक. जूनमध्ये त्यांच्या बसगाड्या गल्लीत यायला लागल्या. ती गल्ली म्हणजे एका गाडीच्या रुंदीची, आणि पुढे खाडी. गेलेली बस मागे मागे येत बाहेर पडायची. तेवढ्यात मागून दुसरी शिरलेली असायची. मग दोन्ही चालक खाली उतरून एकमेकांशी बोलायचे. काय बोलायचे ते इथे सांगण्यासारखं नाही.

लोक उतारावर चढून शेळीला चिप्स द्यायला लागले. आठवड्याभरात उतारावरचं शेवाळ आणि रानफुलं गेली, नुसता चिखल राहिला. त्यात एक जण घसरला. बेंतेनं तातडीनं माणसं पाठवली आणि सगळ्या उतारावर प्लास्टिकचं गवत अंथरून दिलं. ते खऱ्यापेक्षा हिरवं होतं, हे मान्य करायला हवं. ओडवारच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर एक फिरता संडास उभा राहिला. खिळे, दोर आणि गळ विकणारं कोपऱ्यावरचं दुकान बंद झालं आणि त्याजागी प्लास्टिकच्या शेळ्या मिळायला लागल्या. दाबल्या की ओरडणाऱ्या. खाडीच्या त्या कोपऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या घरटी करणारी बदकं एका सकाळी उठून कुठेतरी निघून गेली. आणि जहाजं धक्क्याला उभी असताना इंजिनं चालूच ठेवत असल्यामुळे, वारा पडला की शहरावर एक पिवळट धूर तरंगत राही. गुनवोरचे पेन्शनर पाण्यातून बाहेर आले की खोकत.

शेजारी सल्ले देतच होते. कोणी म्हणे तिकीट लाव. कोणी म्हणे कुत्रा पाळ. पलीकडच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकानं सल्ला दिला की शेळीला काळा रंग दे, म्हणजे फोटोशी जुळणार नाही. हेर्दिसला मात्र वेगळीच अडचण आली होती. तिची पाच नंबरची बस आता शेळीदर्शनासाठी धक्क्यावरून फिरायची आणि तिच्या थांब्यावर यायचीच नाही. दर पंधरा दिवसांनी तिला हृदयाच्या डॉक्टरकडे जायचं असे.

"चढ चढून मोठ्या रस्त्यावर जाते मी," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतो चालणं चांगलं. त्याला काय माहीत कुठला चढ."

ओडवारनं तो चढ पाहिला, गल्ली पाहिली, बसगाड्या पाहिल्या, आणि त्याच्या डोळ्यांसमोर अहवाल आपोआप उभा राहिला. स्थळ, वेळ, कारण. त्या दिवशी त्यानं जेवण केलं नाही. बेंतेला पत्र लिहिलं, 'या गल्लीत रुग्णवाहिका आणायची वेळ आली तर ती कशी येणार?' उत्तर पाचच मिनिटांत आलं. 'आमच्या शेळीवर प्रेम केल्याबद्दल आभार! डोक्काला भेटण्याची वेळ सकाळी नऊ ते चार.' ते यंत्रानं आपोआप पाठवलेलं उत्तर होतं.

जुलैच्या दुसऱ्या गुरुवारी एकाच दिवशी तीन जहाजं आली. दोन धक्क्याला, एक खाडीच्या मधोमध नांगर टाकून. गुनवोर खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर शिकवायला गेली होती. ओडवारनं रजा घेतली होती, कारण अशा दिवशी घर सोडायची त्याला भीती वाटे आणि घरात बसायचीही. शेवटी तो कुंपणाशी उभा होता. गल्लीत सहा बसगाड्या अडकल्या होत्या आणि माणसांचा नुसता चिखल झाला होता.

हेर्दिस दारात आली. हातात दुर्बीण. "ओडवार," ती म्हणाली, "तो मधला जहाजवाला, नांगर टाकलेला, चुकीच्या..." आणि वाक्य अर्धवट सोडून पायरीवर बसली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

आयुष्यभर ज्याची वाट पाहत माणूस घाबरतो, ते समोर आलं की काय करायचं हे त्याला ठाऊक नसतं. ओडवारला आधी काहीच सुचलं नाही. मग त्यानं फोन लावला. पलीकडचा आवाज शांत होता. गाडी निघाली आहे. चार मिनिटांनी पुन्हा फोन आला, गाडी गल्लीच्या तोंडाशी आहे, पुढे येता येत नाही. भोंगा ऐकू येत होता. गल्लीतल्या लोकांनी तो ऐकून मागे वळून पाहिलं, आणि काही जणांनी फोटो काढले.

"आम्ही स्ट्रेचर घेऊन चालत येतोय," फोनवरची बाई म्हणाली. "पण गर्दी... आम्हाला वेळ लागेल."

हेर्दिसचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. "किती वेळ?" ओडवारनं विचारलं. भोंगा अजून गल्लीच्या तोंडाशीच वाजत होता.

रुग्णालय खाडीच्या पलीकडे होतं. समोर दिसत होतं, पांढरं, त्याला स्वतःचा धक्का असलेलं. ओडवारनं त्याच्याकडे पाहिलं, मग मधल्या पाण्याकडे, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या पाण्यात काय काय झालं होतं ते तारखेनिशी त्याला पाठ होतं.

"मी तुम्हाला होडीतून नेतो," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला ओळखू आला नाही.

हेर्दिसनं डोळे उघडले. "तू?"

"दुसरं कोणी आहे का?"

"नाही," हेर्दिस म्हणाली. "तेच तर."

तिला उचलून त्यानं होडीघरात नेलं. ती पाखरासारखी हलकी होती, याचीच त्याला जास्त भीती वाटली. होडी फळ्यांवरून ढकलली. ती सुळकन पाण्यात गेली, आणि वीस वर्षांच्या तेलाला जागून कोरडी राहिली. वर छपरावर डोक्का उभी होती. खाली दार उघडून एक माणूस म्हातारीला होडीत घालून निघालेला पाहताच प्लास्टिकच्या गवतावरच्या दोनशे लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला. एकानं शिट्टी मारली. "पुन्हा एकदा!" कोणीतरी ओरडलं.

ओडवारनं वल्ही मारायला सुरुवात केली. पहिल्या दहा फटक्यांत होडी गोल फिरली. टाळ्या वाढल्या.

"दोन्ही हात सारखे," हेर्दिस तळाशी पडल्या पडल्या पुटपुटली. "डावा कमी. कमी म्हटलं ना!"

"बोलू नका तुम्ही!"

"मी बोलले नाही तर तू परत घरी जाशील."

खाडीच्या मधोमध ते नांगर टाकलेलं जहाज भिंतीसारखं उभं होतं. त्याच्या सावलीत शिरल्यावर ऊन गेलं आणि एकदम गारठा आला. वरून, कितीतरी वरून, माणसं रेलून हात हलवत होती. जहाजाच्या पोटातून गडगड आवाज येत होता, तो होडीच्या फळ्यांतून ओडवारच्या हाडांत शिरत होता. पलीकडून प्रवासी नेणारी मोटारबोट भरधाव आली आणि तिच्या लाटेनं होडी इतकी कलली की थंडगार पाणी हेर्दिसच्या पायांवर आलं. ओडवारला रडू फुटलं. तो रडत रडत वल्ही मारत होता, आणि रडण्यासाठी थांबणं परवडणार नाही हे त्याला कळत होतं.

"हेर्दिस?"

उत्तर नाही.

"हेर्दिस! मधला जहाजवाला कुठे चुकीचा उभा आहे? सांगा ना. हेर्दिस!"

बराच वेळ नुसता गडगडाट. मग खालून अगदी बारीक आवाज आला. "फार... दक्षिणेला. माझ्या नवऱ्यानं... उभाच केला नसता."

"बरं. पुढे सांगा."

"मूर्ख आहेत सगळे," हेर्दिस म्हणाली. आणि ती बोलत राहिली, तुटक तुटक, रुग्णालयाचा धक्का येईपर्यंत. रुग्णालयाची दोन माणसं पळत खाली आली, तिला उचलून घेऊन गेली. ओडवार होडीतच बसून राहिला. त्याची बोटं वल्ह्यांवरून सुटेनात. शेवटी एका परिचारिकेनं ती एकेक करून सोडवली.

तासाभरानं गुनवोर पोहायच्या ओल्या कपड्यांत, वर कोट चढवून आली. पेन्शनरांपैकी कोणीतरी तिला सांगितलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, बाकड्यावर त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा हात घेतला.

हेर्दिस वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर बोलण्यासारखं काही राहिलं नसतं. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिली तक्रार केली ती ओडवारच्या डाव्या हाताबद्दल.

इकडे डोक्कानं प्लास्टिकचं गवत खाल्लं आणि ती आडवी झाली. हेर्दिसचा भाचा येऊन, ओडवारला चार शब्द सुनावून, तिला दरीत परत घेऊन गेला. ती बरी झाली. चौथ्या मजल्यानं रिकाम्या छपराखाली पाटी लावली, 'साधन दुरुस्तीसाठी पाठवले आहे.' आणि मग बेंते स्वतः आली. हातात फुलं.

"ओडवार, तुमचा होडीचा व्हिडिओ! लाखो लोकांनी पाहिला! माझी कल्पना ऐका. रोज दोनदा. अकरा वाजता आणि तीन वाजता. म्हातारीच्या जागी कोणी नटी बसवू. वल्ह्यांची होडी, धूर नाही, आवाज नाही. पूर्ण हरित!"

ओडवार तिच्याकडे बघत राहिला. ती वाईट बाई नव्हती. तिला खरोखरच वाटत होतं की बाण वर चालला आहे तर सगळं ठीक आहे. मग त्यानं दार हळूच लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणा अधिकाऱ्याच्या तोंडावर दार लावलं. आणि वर कडीही घातली.

त्या आठवड्यात त्यानं जे येत होतं ते केलं. अहवाल लिहिला.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या धक्क्याची जाहीर सुनावणी झाली. सभागृह भरलं होतं. एकीकडे दुकानदार, बसवाले, प्लास्टिकच्या शेळ्यांवाले. दुसरीकडे गुनवोरचे पेन्शनर, आणि चाकांच्या खुर्चीत हेर्दिस. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं. ओडवारचं नाव पुकारलं तेव्हा तो जागचा उठला नाही. गुनवोरनं पाठीला हात लावला म्हणून तो पुढे गेला. त्यानं कागद उलगडला आणि खाली बघून वाचायला लागला, एकतीस वर्षं वाचत आला तसाच, कोरडेपणानं.

"घटनेचं स्थळ, माझी गल्ली. रुंदी तीन मीटर. त्या दिवशी बंदरात उतरलेले प्रवासी, अकरा हजार. पर्यटक माझ्या गल्लीत सरासरी अकरा मिनिटं थांबतो, असं नगरपालिकेचं पत्रक सांगतं. गल्लीच्या तोंडाशी रुग्णवाहिकाही अकरा मिनिटं थांबली. नष्ट झालेल्या गोष्टी, उतारावरची वनस्पती, बदकांची घरटी बावीस, खिळ्यांचं दुकान, पाच नंबरची बस. त्यांच्या जागी आलेल्या गोष्टी, प्लास्टिकचं गवत, संडास. कारण." इथे त्यानं कागदावरून वर पाहिलं. "कारण, मी. मी सही केली. ती शेळी साधन नव्हती, शेळीच होती. मला माहीत होतं आणि मी घाबरलो. मला अजूनही भीती वाटतेय. बोट बुडते ती एका मोठ्या भोकानं बुडत नाही. वजन थोडं थोडं वाढत जातं आणि प्रत्येक जण म्हणतो, अजून एक चालेल. असे एकशे चाळीस अहवाल मी लिहिलेत. हा एकशे एक्केचाळिसावा. शेवटी माणसं मरतात तेव्हा मला बोलावतात. या वेळी मी आधी आलोय."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "आभार, ओडवार. तुमची वेळ संपली. बसून घ्या."

ओडवार हलला नाही.

"बसून घ्या म्हटलं."

तो तिथेच उभा. कागद खाली, नजर समोर. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागून हेर्दिसचा आवाज आला, "बसू नकोस, ओडवार!" आणि मग पेन्शनरांपैकी एक उठून उभा राहिला. मग दुसरा. मग दुकानदारांच्या रांगेतला, ज्याचं खिळ्यांचं दुकान गेलं होतं तो. बघता बघता अर्धं सभागृह उभं.

गुनवोर एकोणतीस वर्षं त्याच्याबरोबर राहिली होती. ती व्यासपीठाशी गेली आणि त्याच्या कानाशी लागून हळूच म्हणाली, "चालता येतंय का?"

"नाही," ओडवार ओठ न हलवता म्हणाला. "गुडघेच नाहीत."

"बरं," ती म्हणाली. "मग उभाच राहा."

अध्यक्षांनी घाम पुसला, सदस्यांशी कुजबुजले, आणि प्रकरण नगरपालिकेच्या समितीकडे पाठवायचं ठरलेलं असूनही, त्या माणसाला व्यासपीठावरून उतरवण्यासाठी म्हणून तिथल्या तिथे मतदान घेतलं. दुसऱ्या धक्क्याचा ठराव एका मतानं पडला. एका दिवशी एकच जहाज, गल्ल्यांत बसगाड्यांना बंदी, जहाजांनी धक्क्यावर इंजिन बंद ठेवायचं, असं ठरलं. पुढच्या वर्षापासून, आणि तेही एका वर्षासाठी, बघू म्हणून. बेंते शेवटच्या रांगेत बसून काहीतरी लिहून घेत होती. ती हसत नव्हती.

लोक येऊन त्याचा हात हलवून गेले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'पहाडासारखा उभा राहिलेला माणूस' असं छापून येणार होतं. सभागृह रिकामं झालं. रखवालदार खुर्च्या उचलायला आला, त्यानं या दोघांकडे पाहिलं आणि समजूतदारपणे दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. गुनवोर व्यासपीठाच्या पायरीवर बसली, पिशवीतून थर्मास काढला, एक पेला नवऱ्याच्या हातात दिला. कॉफी हिंदकळून थोडी त्याच्या बुटावर सांडली. तिनं ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, स्वतःचा पेला भरला, आणि गुडघे परत येण्याची वाट बघत दोघं तिथेच थांबली.